पायवाटेवर चालण्यास मनाई

दर सोमवारी सकाळी आमच्या तळोज्याच्या कारखान्यात सुरक्षेवर भाषण व्हायचं, आणि ते देणारा माणूस बऱ्याचदा स्वतःच पट्ट्या बांधून उभा असायचा. कधी कोपर सोललेलं, कधी अंगठा सुजलेला. एकदा तर डोळ्याखाली असा काळानिळा डाग होता की गेटवरच्या वॉचमननं त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, घरी सगळं बरं आहे ना?"

"घरी सगळं झकास," ते म्हणाले. "डोंगराशी जरा मतभेद झाले."

ते आमचे सेफ्टी ऑफिसर. कारखान्यात त्यांना कुणी नावानं किंवा आडनावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. "सेफ्टी आला रे!" अशी आरोळी आली की हेल्मेटं डोक्यावर चढायची, तंबाखू खिशात जायची आणि जिन्यात असतील तेवढे सगळे एकदम कठडा धरायचे. मी तिथे प्रयोगशाळेत होते. नमुने तपासायचे, सह्या करायच्या आणि एसीत बसायचं. त्यांचा माझा संबंध चष्म्यापुरता. मी सेफ्टीचा चष्मा केसांवर चढवून ठेवायची आणि ते दारातूनच ओरडायचे, "काय ताई, डोळं टाळूवर गेलं व्हय?"

माणूस साताऱ्याकडचा. इंजिनियर झाले, नोकरीचं सगळं आयुष्य नवी मुंबईत काढलं, पण ते 'व्हय' आणि 'न्हाई' काही सुटलं नाही. सुटावं असं त्यांना कधी वाटलंही नाही.

सीवूड्सच्या मॉलमध्ये एकदा ते मला दिसले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, साड्यांच्या दुकानात, आणि हे आग लागली तर बाहेर पडायची दारं एकेक ढकलून बघतायत. एका दारामागे खोकी रचलेली निघाली. मॅनेजरला बोलावलं, खोकी हलवून घेतली, शेवटचं खोकं स्वतः उचललं आणि मग दुकानात जाऊन "ही साडी लई छान" म्हणून मोकळे झाले. साडी अजून घडीतच होती. लग्नाला गेले तरी तेच. आधी मांडवातल्या वायरी तपासायच्या, जनरेटरभोवती एक फेरी मारायची आणि मग नवरानवरीकडे वळायचं. "ह्यांच्यासंगट लग्नाला जायाचं म्हंजे पंचनाम्याला गेल्यावानी वाटतं," वहिनी म्हणायच्या.

अशा माणसानं रविवारी उठून, जाड टायरची सायकल घेऊन कारखान्यामागच्या डोंगरावर चढायचं आणि दगडधोंड्यांतून धडधडत खाली यायचं, हे कुणाच्याच पचनी पडत नव्हतं. नव्यानं आलेल्या प्लँट मॅनेजरनं भर मीटिंगमध्ये विचारलं की आम्हाला एवढे नियम सांगता आणि स्वतः हे काय करता? सेफ्टी जराही वरमले नाहीत.

"इथं माणूस पगारासाठी येतो, साहेब. त्याला पडायची हौस न्हाई, म्हणून त्याला पडू द्यायचा आपल्याला हक्क न्हाई. डोंगरावर मी माझ्या हौसेनं जातो. तिथं पडलो तर ते माझं पडणं."

'माझं पडणं' हे ते असं म्हणायचे, जशी कुणी गावाकडची जमीन सांगावी. हसू यायचं, पण खोडून काढता यायचं नाही.

'वाट' ह्या शब्दावर त्यांचा फार जीव होता. मुंबईकडे वाट लागणे म्हणजे सत्यानाश, हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केलं नाही. एकदा पंपाचं सील फुटलं आणि ऑपरेटर बोंबलत आला, "साहेब, वाट लागली!" ह्यांचा पहिला प्रश्न, "कुठली? पुढची का मागची?" त्यांना खरंच वाटलं की पोरगा बाहेर पडायच्या दाराबद्दल सांगतोय. धावपळ संपून सगळे सुखरूप बाहेर आल्यावर ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होते, "अरे, चुकलेल्याला सापडते ती वाट. ती लागली तर पेढं वाटायचं सोडून रडतोस काय?" ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. मी चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला आणि दुसरीकडे बघितलं.

त्या डोंगरावर वरच्या अंगाला आदिवासींचा एक पाडा आहे. तिथल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन सकाळी पायवाटेनं खाली बाजाराला येतात. कधी रानभाज्या, कधी काकड्या, कधी करवंदं. सेफ्टी रविवारी ज्या वाटेनं सायकल घालायचे ती हीच. एका रविवारी ते कडेच्या घळीत कोसळले. खांद्याजवळचं हाड मोडलं, सायकल अंगावर आणि फोन उडून कुठं गेला पत्ता नाही. हाका मारून घसा बसला तेव्हा वरून एक भाजीवाली मावशी आली. तिनं आधी शिव्याच घातल्या, कारण तिला वाटलं कुणीतरी पिऊन पडलाय.

"सकालीच घेतलीस का रं?"

"मावशी, हाड मोडलंय."

"म्हंजे घेतली नाय?" हे मावशीनं जरा निराश होऊनच विचारलं, असं ते सांगायचे.

मागून आलेल्या बायकांनी मिळून त्यांचा हात फडक्यानं गळ्यात बांधला आणि त्यांना धरून रस्त्यापर्यंत आणलं. सायकल मावशीच्या जावेनं ओढत आणली आणि सगळ्या वाटभर त्या सायकलीला, ती विकणाऱ्याला आणि ती घेणाऱ्याला नावं ठेवली. त्या दिवशी त्या सगळ्यांचा बाजार बुडाला. सेफ्टी ही गोष्ट शंभरदा हसत सांगायचे, पण बाजार बुडाला ह्या वाक्याला आले की हसणं थांबायचं.

हाड जुळेपर्यंत ते बसमधून बाजारात जाऊन मावशीकडून भाजी घ्यायला लागले, आणि वहिनींची परीक्षा सुरू झाली. साताऱ्याच्या बाईला मेथी, चाकवत, पोकळा ठाऊक. टाकळा आणि भारंगी कुणाला माहीत? शेवळं आणली तेव्हा तर कहर झाला. शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडं नावाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची असतात. ठाणे-रायगडात हे कुणी कुणाला सांगत नाही. मावशीनं गृहीत धरलं की ह्यांना माहीत असणार, आणि ह्यांनी गृहीत धरलं की भाजी ती भाजी. वहिनींनी कांदालसूण मसाला घालून झणझणीत केली आणि आम्हा प्रयोगशाळेतल्या बायकांसाठी डबाभर पाठवली. जेवणानंतर आम्ही सगळ्या घसा खाकरत बसलो होतो आणि सेफ्टी एका हातानं स्वतःचा गळा धरून आमच्यामधून फिरत होते, "कुणाला धाप लागतीय का? ओठ सुजलेत का?" पुढच्या खेपेला बाजारात त्यांची आणि मावशीची जुंपली.

"तुमी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं नाय."

हे भांडण दर वर्षी शेवळं बाजारात आली की नव्यानं निघायचं आणि दोघंही ते चवीनं भांडायचे.

हाड जुळलं, पण वहिनींनी शपथ घातली. एकट्यानं पुन्हा डोंगरावर जायचं नाही. जायचंच असेल तर बरोबर माणूस पाहिजे. सेफ्टी शपथ पाळणाऱ्यातले होते, त्यामुळे पंचाईत झाली. आमच्या कारखान्यात रविवारी डोंगरावर जाणारं दुसरं होतं कोण? मला त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की मला साधी सायकलसुद्धा येत नाही. ते माझ्याकडे अशा दुःखानं बघत राहिले की मीच त्यांना चहा पाजला. पुढचे सगळे रविवार त्यांनी सोसायटीची लिफ्ट तपासण्यात घालवले. लिफ्टवाल्यानं शेवटी सोसायटीकडे तक्रार केली.

ते निवृत्त झाले त्याच सुमाराला डोंगराच्या पायथ्याशी सायकलींसाठी मुद्दाम बांधलेलं एक पार्क उभं राहायला लागलं. मालक खाडीकाठच्या गावातला तरुण पोरगा. आजोबांनी भातशेती केली, वडील बिल्डर झाले आणि हा परदेशात असली पार्कं बघून आला. त्याला डोंगराची माती ओळखणारा माणूस हवा होता. "अंकल, तुमी फक्त हो बोला, बाकी सगला सेटअप मी बघतो," तो म्हणाला. सेफ्टी हो म्हणाले. ही बातमी त्यांनी मला फोनवर सांगितली, दोनदा. वहिनींनाही आनंद झाला. तिथं माणसं असणार, स्ट्रेचर असणार, म्हणजे शपथही मोडणार नव्हती.

त्या माणसानं त्या पार्कात जीव ओतला. नवशिक्यांसाठी हिरवी वाट, सरावलेल्यांसाठी निळी आणि ज्यांना उडायचंय त्यांच्यासाठी लाल. कुठल्या वळणाला किती उतार, पाणी कुठून वाहून जाईल, घाबरलेला माणूस हँडल कुठे वळवेल, ह्या सगळ्यावर ते तासन् तास बोलायचे. आणि मी, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, त्या हिरव्या वाटेवर सायकल शिकले. लहानपणी आमच्या घरात सायकल एकच आणि ती भावाची. रस्त्यावर शिकायचं तर रिक्षा, बस, कुत्री आणि शेजारच्या काकूंची नजर. इथे ह्यातलं काही नव्हतं. माझ्या वयाच्या आणखी बायका होत्या, एक पोट सुटलेले बँकवाले होते आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर आदळत आनंदानं किंचाळत होतो. पहिल्या वळणाला मी थांबले तर सेफ्टी मागून म्हणाले, "पडा ताई, बिनधास्त पडा. तिथली माती मी चाळून घेतलीय."

खरंच चाळून घेतली होती. नवशिके जिथे पडणार तिथला एकेक खडा वेचलेला होता. माझ्यासाठी इतकी काळजी आजवर कुणी घेतली होती, असा विचार मनात आला आणि मी पडले.

म्हणून असल्या बांधीव वाटांना कुणी नावं ठेवली की मला राग येतो. डोंगर सगळ्यांचा असं म्हणणारे बहुतेक जण स्वतः धडधाकट पुरुष असतात. पण हेही खरं की सेफ्टी स्वतः तिथे दोनचार फेऱ्या मारून आले की बाकावर गप्प बसायचे.

"काय झालं?" मी विचारायची.

"अंगाला घाम आला, ताई, पण डोकं कोरडंच राहिलं." मग जरा वेळानं म्हणायचे, "इथलं प्रत्येक वळण तुमची वाट बघत बसलेलं असतंय. डोंगरावरच्या वळणाला तुमचा पत्ताच नसतो. ती मजा हितं कुठली?"

त्यांना दुसरीही एक धास्ती होती. लाल वाटेवर पोरं वेगात तरबेज व्हायची आणि आपल्याला डोंगर आला असं समजून वर खऱ्या डोंगरावर जायची. तिथे पुढे खड्डा आहे अशी पाटी नसते. असा एक पोरगा दात पाडून आला तेव्हा सेफ्टी त्याच्यावर इतके चिडले की त्याच्या आईला मध्ये पडावं लागलं. "वेग शिकवला मी, भ्यायला शिकवायचं राहिलं," असं ते नंतर कितीतरी दिवस म्हणत होते.

खरी अडचण लाल वाटेचीच झाली. त्यांच्या आराखड्यात ती पाड्याच्या पायवाटेच्या वरच मागे वळत होती. मालकाला मोठी उडी हवी होती, उडीसाठी लांब उतार हवा होता, म्हणून त्यानं ती खाली ओढली आणि ती पायवाटेला आडवी गेली. सेफ्टींनी विरोध केला. मालक म्हणाला, "अंकल, टेन्शन नका घेऊ, बोर्ड लावू ना." आणि एका रविवारी आम्ही वर गेलो तर जिथे दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे चकचकीत बोर्ड उभा होता. इंग्रजीत जे लिहिलं होतं ते सायकलींच्या वाटेबद्दल होतं आणि बरोबरच होतं. मराठी कुणी केलं होतं देव जाणे. ते असं होतं: 'पायवाट. पायी चालण्यास सक्त मनाई.'

सेफ्टी हसायला लागले. हसता हसता दगडावर बसले, चष्मा काढून डोळे पुसले. "पायवाट! पायी चालण्यास मनाई! ताई, हे सरकारातसुद्धा जमलं नसतं कुणाला!" मीही हसत होते. तेवढ्यात वरून पाट्या घेतलेल्या बायका आल्या, पुढे मावशी. नवा बोर्ड बघून ती थांबली.

"काय लिवलंय?"

सेफ्टींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मावशीनं पुन्हा विचारलं. मग त्यांनी शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसं वाचून दाखवलं.

"मंग काय उडत येऊ?" मावशी म्हणाली.

मागच्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले. सेफ्टी मात्र आता हसत नव्हते.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. डोंगराला वळसा घालून डांबरी रस्ता होता. पण डोक्यावर ओझं घेऊन त्या रस्त्यानं आलं तर बाजार अर्धा उठलेला असायचा. दुपारी वर जाणारा टेम्पो मिळायचा, सकाळी खाली येणारं वाहन काही नव्हतं. "भाजी कोमेजली का कोन घेल?" मावशीनं एवढंच विचारलं. तिच्या घराची चूल त्या पाटीवर होती आणि ती पाटी ह्या वाटेवर होती.

सेफ्टी त्याच दिवशी मालकाकडे गेले. मीही बरोबर होते. मालक वाईट मुलगा नव्हता. त्यानं आम्हाला थंड पाणी दिलं, पंखा वाढवला आणि म्हणाला, "अंकल, उद्या एखादी बाई सायकलखाली आली तर तुमीच बोलाल, बोर्ड का नव्हता? सेफ्टीसाठीच हाय ना ते? आनि लाल ट्रॅक बंद केला तर पोरं येनार नाय. पोरं नाय आली तर तुमचा हिरवा कसा चालवू?"

ह्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. यंत्राजवळ माणूस फिरकू द्यायचा नाही हे सेफ्टींनीच आम्हाला जन्मभर घोकून घेतलं होतं. आता त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर येऊन बसलं होतं. ते उठले आणि बाहेर पडले. घरी वहिनींशीही बोलेनात. वहिनींनी मला फोन करून विचारलं, "पुन्यांदा कुठं पडलं का वो हे?"

मग लाल वाटेवरची शर्यत आली. गाणी लावलेली, तंबू, दूरदूरची पोरं अंगावर चिलखतं घालून आलेली. पायवाट छेदते त्या जागी झेंडा आणि शिट्टी घेऊन सेफ्टींना उभं केलं होतं. कुणी मध्ये आलं तर त्याला अडवायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्याशेजारी पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते.

शर्यत रंगात आली होती आणि वरून बायका उतरताना दिसल्या. सेफ्टींनी त्यांच्याकडे बघितलं, मग वर लाल उताराकडे बघितलं. झेंडा हलवत ते चढावर धावत सुटले, शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात पसरून लाल वाटेच्या मधोमध उभे राहिले.

"थांबा! वाट द्या! वाट द्या!"

वरून येणाऱ्या पहिल्या पोरानं ब्रेक दाबले आणि तो बांधावर आडवा झाला. दुसरा त्याच्याजवळ येऊन कसाबसा थांबला. तिसऱ्यानं आईबहिणीचा उद्धार केला. गाणी चालूच होती. सेफ्टी खाली पायवाटेकडे वळून म्हणाले, "या मावशी."

बायका आल्या. घाई नाही, गडबड नाही. मावशी तर बरोबर लाल वाटेच्या मध्यावर थांबली. डोक्यावरची चुंबळ सरकली होती. तिनं जावेच्या हातात पाटी दिली, चुंबळ सोडली, झटकली, नीट वळून पुन्हा डोक्यावर ठेवली, पाटी घेतली आणि चालू लागली. चिलखतं घातलेली सगळी पोरं एका पायावर सायकली पेलत हे बघत उभी होती. दोघातिघांनी फोनवर त्याचं शूटिंगही केलं.

मालक धापा टाकत आला. "अंकल, काय केलात हे? मानसाला अडवायला ठेवला होता तुमाला!"

"मी जन्मभर अर्धाच नियम सांगत आलो," सेफ्टी म्हणाले. "माणूस मधे आला की यंत्र बंद करायचं. माणूस न्हाई. अरे, ती वाट त्यांची. यंत्र आपण आणलंय."

आमच्या कारखान्यात एक पद्धत होती. दुरुस्तीसाठी माणूस यंत्राच्या आत उतरला की स्विचला कुलूप लावायचं आणि चावी आत उतरणाऱ्याच्या खिशात. मॅनेजर असो नाहीतर मालक असो, त्या चावीला हात लावायचा नाही. आत गेलेला माणूस स्वतः बाहेर येऊन कुलूप काढेल तेव्हाच यंत्र चालू. सेफ्टींनी त्या दिवशी तेच केलं. शर्यत संपल्यावर त्यांनी लाल वाटेच्या माथ्यावरच्या फाटकाला आपलं कुलूप लावलं आणि चावी बाजारात जाऊन मावशीच्या हातात दिली. सगळ्या बायका खाली पोचल्या की तिनं ती तिकिटाच्या खिडकीत द्यायची, मग फाटक उघडायचं. दुपारी वर जाताना चावी घेऊन जायची; संध्याकाळी पार्कवाल्यांनी कुलूप नुसतं दाबून लावायचं.

"आनि मी नाय दिली तर?" मावशीनं विचारलं.

"तर न्हाई उघडायचं."

मावशीनं चावी कनवटीला लावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाजी तोलायला घेतली.

मालकानं सेफ्टींना दुसऱ्याच दिवशी पार्कातून काढलं. शर्यतवाले तक्रार करायच्या बेतात होते आणि तो बांधावर पडलेला पोरगा कुणा बड्याचा होता. सल्लागार म्हणून नको आणि सायकल घेऊनही येऊ नका, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. मग ते शूटिंग फोनाफोनांतून फिरलं. शर्यत थांबवून चुंबळ वळणारी मावशी लोकांना इतकी आवडली की पार्काचं नाव झालं. मालक हुशार. त्यानं तो बोर्ड काढला, कुलूप ठेवलं आणि तिकिटाच्या खिडकीवर मावशीचा फोटो लावला. कुलूप राहिलं, पण कुलूप लावणारा बाहेर राहिला.

मी चिडून म्हणाले, "मीही सोडते पार्क." तर सेफ्टी माझ्यावरच ओरडले. "तुम्ही कशापायी सोडताय? नवशिक्या बायामाणसांना दुसरी जागा कुठाय हितं? चांगलं आहे ते. मी बांधलंय."

डोंगर बायकोच्या शपथेनं बंद, कारण बरोबर जायला माणूस नाही आणि माझी मजल हिरव्या वाटेपुरती; पार्क मालकानं बंद. डांबरी रस्त्यावर सायकल चालवणं त्यांना लिफ्टनं डोंगर चढल्यासारखं वाटायचं. सायकल त्यांनी गॅलरीत उलटी टांगली. एका रविवारी मी घरी गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते, समोर थंड झालेला चहा. रविवार सकाळ आणि हा माणूस घरात, हे बघवत नव्हतं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मध्येच त्यांनी विचारलं, "लाल वाटेवर तिसऱ्या वळणाला पाणी साठतंय का वो?"

"मला काय माहीत? मी हिरव्या वाटेवरची."

"व्हय की," ते म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

पुढच्या रविवारी मी लाल वाटेवर गेले. कशी गेले ते माझं मला माहीत. अर्धी सायकलवर, अर्धी सायकल धरून, आणि मोठ्या उडीच्या जागी चक्क बसून घसरत. तशीच मातीच्या अंगानं त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, ऐका.

त्यांनी डोळे मिटले. मी माथ्यापासून सुरुवात केली. फाटक, पहिला उतार, डावीकडचा बांध. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले आणि बोटं ब्रेकवर असावीत तशी वळली. दुसऱ्या वळणाला ते खुर्चीत डावीकडे कलले. तिसऱ्याला पाणी नव्हतं, निचरा चांगला होता, हे ऐकून नुसती मान हलवली. "उडीच्या आधी उतरलात ना सायकलवरून?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. मी हो म्हटलं. "शहाण्या आहात," ते म्हणाले. वहिनी कणकेचा हात तसाच धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आता लांब उतार," मी म्हटलं. "समोर पायवाट आडवी दिसतेय."

त्यांची बोटं खुर्चीवर गच्च आवळली गेली. ते थांबले. मीही बोलायची थांबले. खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धूत होतं, तेवढाच आवाज होता.

"मावशी गेल्या का?" त्यांनी विचारलं.

"गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. चावी खिडकीत दिली."

"मग सोडा ब्रेक," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं खाली उतरलो.